ठाण्यात पुनर्विक्रीचा फ्लॅट घेताना: पात्रता, कागदपत्रं, दस्तनोंदणी आणि त्यानंतरची नावं

दस्त नोंदला, हातात इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) आलं की घर झालं, असं बहुतेकांना वाटतं. त्या दिवशी तुमचं नाव लागतं ते फक्त नोंदणी विभागाच्या दफ्तरात. सोसायटीचा शेअर दाखला, पालिकेचं कराचं बिल, वीज, गॅस इथे अजून जुनाच मालक असतो. यातलं एखादं राहून गेलं की ते फ्लॅट विकताना किंवा इमारत पुनर्विकासाला जाताना उपटतं. खालची माहिती ठाणे महापालिका हद्दीतल्या, सोसायटी नोंदलेल्या इमारतीतल्या जुन्या फ्लॅटसाठी आहे.

आधी रोख किती लागेल ते पाहा

फ्लॅट ८० लाखांचा धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे इथे कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख, उरलेले १६ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबातल्या किमतीत धरत नाहीत, ती वेगळी उभी करायची.

ठाण्यात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रो अधिभार १ टक्का, असे एकूण ७ टक्के, म्हणजे ५,६०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. दलाली साधारण टक्काभर धरली तर ८०,०००. बेरीज २२ लाख ७० हजारांवर जाते, आणि यात रंगरंगोटीचा एक रुपयाही नाही.

गणित बिघडतं ते बँकेच्या मूल्यांकनात. सौदा ८० लाखांना ठरला आणि बँकेच्या व्हॅल्युअरने ७४ लाख लावले, तर ८० टक्के ७४ वर मोजले जातात. कर्ज ५९ लाख २० हजार होतं आणि ४ लाख ८० हजारांचा खड्डा आयत्या वेळी पडतो. म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी आणि व्हॅल्युएशन हाती येईपर्यंत मोठं टोकन देऊ नये. टोकनच्या पावतीवर 'कर्ज नाकारल्यास रक्कम परत' ही ओळ लिहून घ्यावी.

महिलांची सवलत कुणाला मिळते

निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावे असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. आपल्या उदाहरणात ८०,००० रुपये. नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव जोडलं की सूट गेली. पुढे १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढली आहे, पण काही एजंट अजून ती सांगून घाबरवतात. नवरा कर्जात सहअर्जदार राहू शकतो. मात्र तो मालक नसेल तर हप्ता त्याने भरला तरी गृहकर्जाच्या व्याजाची आयकर वजावट त्याला मिळत नाही. त्यामुळे सूट घ्यायची की दोन नावं लावायची, हे दोन्ही आकडे शेजारी मांडून ठरवावं.

विक्रेत्याकडून काय मागायचं

बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, प्रत्येकाचं इंडेक्स टू आणि मुद्रांक भरल्याच्या पावत्या. यालाच कागदांची साखळी म्हणतात. नौपाडा, पाचपाखाडीकडच्या जुन्या इमारतींत साखळीतला एखादा करार कमी मुद्रांकाचा किंवा न नोंदलेला निघू शकतो. कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड लागतो, तो मूळ तुटीच्या चौपटीपर्यंत जातो. बँक असा कागद पाहून फाइल थांबवते, आणि मग हा दंड कुणी भरायचा यावर भांडण होतं. त्याचा निकाल टोकनआधी लावा.

शिवाय मूळ शेअर दाखला, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची आणि विजेची शेवटची बिलं, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची पालिकेची परवानगी). विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र आणि तिथे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी. भोगवट्याबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: दस्त नोंदला गेला म्हणजे इमारत अधिकृत ठरत नाही. कळवा, मुंब्रा, दिव्याकडे स्वस्त फ्लॅट पाहताना हे दुप्पट लागू. परवानगी खरी आहे का हे पालिकेच्या शहर विकास विभागातच विचारावं. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचं हस्तांतर, झालं आहे का तेही पाहावं. झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नाही तेव्हा सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायच्या हस्तांतराचा) खर्च पुढे सभासदांच्याच वाट्याला येतो.

शुल्क कशावर मोजतात

करारातली किंमत आणि रेडीरेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) बाजारमूल्य, यात जे जास्त त्यावर. बाजारमूल्य बिल्टअप क्षेत्रावर, म्हणजे भिंतींसकट मोजलेल्या क्षेत्रावर, निघतं; कार्पेट म्हणजे आतलं वापराचं क्षेत्र. जुन्या करारातल्या कार्पेटला १.२ ने आणि रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार लिहिलेल्या कार्पेटला १.१ ने गुणतात. ५६० चौरस फूट कार्पेट म्हणजे ५२.०३ चौरस मीटर, त्याचं बिल्टअप पहिल्या पद्धतीने ६२.४३ आणि दुसऱ्याने ५७.२३. करारात मुळातच बिल्टअप लिहिलं असेल आणि डेटा भरणाऱ्याने ते कार्पेटच्या रकान्यात टाकलं, तर बाजारमूल्य उगाच फुगतं. ही चूक फार होते. लिफ्टच्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के वाढ, अकराव्या ते विसाव्याला १० टक्के. उलट जुन्या इमारतीला वयानुसार घसारा मिळतो, पण बांधकामाचं वर्ष सिद्ध करणारा कागद जोडला तरच. भोगवटा प्रमाणपत्र किंवा पालिकेच्या पहिल्या कर आकारणीचा उतारा चालतो.

कागदोपत्री किंमत कमी दाखवण्याचा मोह असेल तर लक्षात असू द्या: बाजारमूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, की फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो.

नोंदणीचा दिवस

शुल्क आणि फी ग्रास या राज्य सरकारच्या भरणा प्रणालीवर ऑनलाइन भरून चलन काढायचं. चलनावरची नावं आणि मालमत्तेचा तपशील करारातल्यासारखाच हवा. नंतर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरायची, त्याचा क्रमांक मिळतो. मग दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घ्यायची. बरोबर मूळ करार, चलन, दोन्ही पक्षांचे आधार आणि पॅन, फोटो, आधीचं इंडेक्स टू, कराचं बिल आणि ओळखपत्रासह दोन साक्षीदार.

तिथे अडतं ते दोन ठिकाणी. आधारवर 'सुनिता' आणि करारात 'सुनीता' असा फरक असला की पुढे बँक प्रतिज्ञापत्र मागते, म्हणून मसुदा आधार समोर ठेवूनच वाचावा. दुसरं, वयस्क विक्रेत्याचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. बोटं कोरडी असतात. ओला रुमाल जवळ ठेवावा आणि वेळ सकाळची घ्यावी. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो. त्यापुढे आणखी ४ महिने मिळतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंडासह. संगणकावर माहिती पडद्यावर येते तेव्हा सदनिका क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ स्वतः वाचा. छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे चूकदुरुस्ती पत्र, म्हणजे दोघांनी पुन्हा रांगेत.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून सरकारकडे भरायचा. आपल्या उदाहरणात ८०,०००. बँकेने दिलेल्या रकमेवरचाही हा टीडीएस खरेदीदारानेच भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर दर बराच जास्त आहे, तेव्हा आधी सीएकडे जावं.

सोसायटीत नाव

सोसायटीच्या उपविधीप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) विक्रेत्याने हस्तांतराची सूचना १५ दिवस आधी द्यायची, तुम्ही संमतीपत्र आणि सभासदत्वाचा अर्ज द्यायचा. जोडीला नोंदणीकृत कराराची प्रत, इंडेक्स टू आणि मूळ शेअर दाखला. प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतर फी ५०० आणि अधिमूल्य (हस्तांतराचा प्रीमियम) जास्तीत जास्त २५,०००. याहून वरची 'देणगी' मागण्याचा सोसायटीला अधिकार नाही. तरी कुणी मागितलीच तर लेखी मागा म्हणावं, विषय बहुधा तिथेच संपतो. अर्जावर सोसायटीने ३ महिन्यांत निर्णय दिला नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे दाद मागता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका, ३ महिने तिच्यावरूनच मोजले जातात.

पालिका, वीज आणि दरवर्षीचा खर्च

मालमत्ता कराच्या नावबदलाला इंडेक्स टू, सोसायटीचं पत्र आणि थकबाकी नसल्याची पावती लागते, अर्ज प्रभाग समिती कार्यालयात. वीज बहुतेक ठाण्यात महावितरणची, पण कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात २०२० पासून टोरंट पॉवर आहे. अर्ज चुकीच्या दारात देऊ नये. जुन्या मालकाची अनामत त्याला परत जाणार की तुमच्या नावे वळणार, हे ताबा घेतानाच लिहून घ्यावं.

मासिक देखभालीच्या बिलात सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) वेगळा दिसतो का ते तपासा. उपविधीनुसार तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के असायला हवा. बिल फारच कमी असेल तर आनंदण्याआधी सोसायटीचा ताळेबंद मागा. निधी जमलेला नसला तर गळती, लिफ्ट किंवा प्लास्टरच्या वेळी प्रत्येक घराला एकरकमी वर्गणी येते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. शेवटच्या तपासणीचा अहवाल करारापूर्वी वाचा, आणि त्यात मोठी दुरुस्ती सांगितली असेल तर त्या कामाची वर्गणी विक्रेता भरणार की तुम्ही, हे करारातच एका कलमात घाला.