अमेरिकेचा ‘डिस्ट्रिक्ट जज’ म्हणजे आपले जिल्हा न्यायाधीश नव्हेत

अमेरिकेत कोणा न्यायाधीशाने राष्ट्राध्यक्षांचा आदेश रोखला की आपल्याकडे मथळा ठरलेला: ‘जिल्हा न्यायाधीशांचा दणका’. मग एखादे काका हमखास विचारतात, “जिल्हा कोर्टाच्या जज्जाची एवढी मजल?” चूक काकांची नाही, भाषांतर करणाऱ्याची आहे.

आपले जिल्हा न्यायाधीश वेगळे सांगायला नकोत. राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमतात, काही वर्षांनी बदली, साठीच्या आसपास निवृत्ती. तिकडचा डिस्ट्रिक्ट जज मात्र केंद्राचा, म्हणजे फेडरल न्यायाधीश. राज्यांची कोर्टं तिथे निराळी. त्याचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, मंजुरी सिनेट देते. खटला पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहतो, साक्षीपुरावे तिथेच होतात, एवढंच काय ते साम्य. ‘डिस्ट्रिक्ट’ शब्दावरही जाऊ नका. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं अलास्का हा अख्खा एकच डिस्ट्रिक्ट आहे. 2024 मध्ये गूगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवणारे, गुजरातेतल्या पाटणला जन्मलेले अमित मेहता हेही वॉशिंग्टनचे डिस्ट्रिक्ट जजच.

खरी गोम नोकरी संपण्यात आहे, कारण ती आपोआप संपतच नाही. त्यांच्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहतो, म्हणजे व्यवहारात तहहयात. पगार कमी करता येत नाही, नकोसा झाला म्हणून दूर कुठे बदलीही करता येत नाही. घालवायचाच तर महाभियोग. आणि 1789 पासून आजवर सिनेटने दोषी ठरवून घरी पाठवलेले फेडरल न्यायाधीश फक्त आठ. नेमणारा राष्ट्राध्यक्ष चार-आठ वर्षांत जातो, जज तिथेच असतो. काकांच्या ‘मजल’चं उत्तर इथे आहे.

आणि ‘सीनियर जज’! हा शब्द आला की भाषांतरकार डोळे मिटून ‘वरिष्ठ न्यायाधीश’ लिहितो आणि वाचकाला बढती झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीशांत ‘वरिष्ठ स्तर’ असतो, त्यामुळे गोंधळात भरच. तिकडे सीनियर म्हणजे अर्धनिवृत्त. वय 65 आणि सेवा 15 वर्षं झाली की जज स्वेच्छेने हा दर्जा घेऊ शकतो. त्याची जागा रिकामी होते, तिथे नवा नेमला जातो, पण जुना खुर्ची सोडत नाही. झेपतील तेवढे खटले चालवत राहतो. मी तरी ‘अर्धनिवृत्त’च लिहीन, कानाला खटकलं तरी चालेल.

कॅन्ससमधले वेस्ली ब्राउन बघा. 1962 मध्ये केनेडींनी नेमलं, 1979 मध्ये सीनियर झाले, आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लावून विचिटाच्या कोर्टात बसतच राहिले. लांबणारा खटला घेऊन आलेल्या वकिलांना ते बजावायचे की या वयात मी हिरवी केळीसुद्धा विकत घेत नाही. जानेवारी 2012 मध्ये गेले तेव्हा ते 104 वर्षांचे होते, आणि तेव्हाही न्यायाधीशच होते.