शेतात किंवा गच्चीवर मोबाईल टॉवर: अर्ज कोण करतो, कागद कोणते लागतात?

‘टॉवरसाठी जागा द्यायची आहे, फॉर्म कुठे मिळेल?’ असं विचारणारे गावोगावी भेटतात. असा फॉर्म नाही. जागामालकाने दूरसंचार विभागाकडे किंवा ट्रायकडे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे) करायचा कुठलाही अर्ज अस्तित्वात नाही. ट्राय टॉवरसाठी ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही, आणि सरकार जागामालकाकडून फी घेत नाही. परवानग्यांची सगळी धावपळ टॉवर कंपनीची असते. मालकाने फक्त कागद दाखवायचे, करार नीट वाचायचा आणि भाडं घ्यायचं. पैसा कंपनीकडून तुमच्याकडे येतो. उलटा जाऊ लागला की समजा, गडबड आहे.

ती गडबड कशी दिसते तेही सांगतो. व्हॉट्सॲपवर पत्र येतं. वर अशोकस्तंभ, खाली दोन-तीन गोल शिक्के, मजकुरात लाखोंचा ॲडव्हान्स, महिन्याचं घसघशीत भाडं आणि वर घरातल्या एकाला नोकरी. मग आधी ‘फाईल चार्ज’ मागतात, तोही परवडेल एवढाच. तो भरला की जीएसटी, मग विमा, मग ‘ॲग्रीमेंट फी’. जागा बघायला मात्र कोणी येत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नुसताच मेसेज किंवा फोन आला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रार सुविधेत नोंदवा.

खरी पद्धत अशी. कोणत्या भागात नेटवर्क कमी पडतंय हे मोबाईल कंपनी ठरवते. त्या भागाचं एक छोटं वर्तुळ टॉवर कंपनीला मिळतं. धंद्यात त्याला ‘सर्च रिंग’ म्हणतात. कंपनीची माणसं त्या वर्तुळातल्या दोन-तीन जागा पाहतात, अक्षांश-रेखांश टिपतात, रस्ता आणि वीज किती लांब आहे ते बघतात. तुमची जागा वर्तुळाबाहेर असेल तर कितीही मोक्याची असली तरी उपयोग नाही. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जागेची माहिती देऊन ठेवायला हरकत नाही, पण ती फुकट.

पात्रतेचा खरा प्रश्न मालकीचा. शेतजमीन असेल तर ताजा सातबारा, आठ-अ, फेरफार आणि गटाचा नकाशा काढून ठेवा. गावठाणात किंवा शहरात मिळकत पत्रिका आणि कराची पावती. सोबत आधार, पॅन, बँक पासबुक. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं असतील तर सगळ्यांची लेखी संमती लागते, आणि बहुतेक प्रकरणं अडतात ती इथेच. आजोबांच्या नावावरची जमीन असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. भोगवटादार वर्ग-२ची, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन असेल तर हस्तांतरावर बंधनं असतात, तेव्हा तहसील कार्यालयात आधी चौकशी करा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय भाडेपट्ट्यानेही देता येत नाही.

इमारतीचं गणित वेगळं. सोसायटीत सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. नुसत्या अध्यक्ष-सचिवांच्या सहीवर गच्ची देता येत नाही. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितलं जातं. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला, आणि तो नुसता सहीशिक्क्यापुरता घेऊ नका. खांबांचा आणि बॅटऱ्यांचा भार कॉलम-बीमवर गेला पाहिजे, मोकळ्या स्लॅबवर नाही. पाया करताना वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर ओल उतरते. म्हणून गळती दुरुस्त कोण करणार, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

यापुढचं काम कंपनीचं: दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन शाखेची ‘सॅकफा’ मंजुरी (त्या जागी अँटेना उभारायला हरकत नाही, असा दाखला), विमानतळाजवळ असल्यास उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत, आणि स्थानिक संस्थेकडची परवानगी किंवा सूचना. या स्थानिक परवानगीसाठी दूरसंचार (मार्गाधिकार) नियम २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. या कागदांच्या प्रती मागून घ्या.

करारावर मात्र वेळ घालवा. बहुतेक मसुद्यांत कंपनी थोड्या दिवसांची नोटीस देऊन निघू शकते आणि मालक अनेक वर्षं बांधलेला असतो. हे बदलून मागता येतं, निदान मागून तरी बघा. भाडेवाढ किती वर्षांनी आणि किती टक्के, विजेचं मीटर कोणाच्या नावावर, टॉवर काढल्यावर पाया उखडून जागा पूर्ववत कोण करणार, हे आकड्यांसकट लिहून घ्या. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा.

टॉवर उभा राहिल्यावर तंत्रज्ञ अधूनमधून येतात: नटबोल्ट आवळणं, गंज काढून रंग देणं, अर्थिंग आणि आकाशातली वीज पडू नये म्हणून लावलेला वीजरोधक तपासणं. त्यांना वाट मोकळी ठेवा. टॉवरवर चढायचं ते सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट घालून, प्रशिक्षित माणसानेच. पतंग काढायला पोराला चढवणं किंवा अर्थिंगच्या तारेला कपड्यांची दोरी बांधणं, दोन्ही जिवाशी खेळ. जनरेटर रात्री घरघरत असेल तर आवाजरोधक आवरणाची मागणी करा.

आता रेडिएशनची शंका. भारताने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठेवली. ९०० मेगाहर्ट्‌झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट येते. जवळच्या टॉवरची माहिती ‘तरंग संचार’ पोर्टलवर नकाशात पाहता येते. तेवढ्याने समाधान झालं नाही तर तिथेच ४,००० रुपये शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची विनंती करता येते. ही मोजणी दूरसंचार विभागाच्या स्थानिक कार्यालयाकडून होते. हा अर्ज मात्र कोणीही करू शकतो: भाडेकरू, शेजारी, समोरच्या इमारतीतले रहिवासी. त्यासाठी टॉवर तुमच्या जागेत असायला हवा असं नाही.