प्लेलिस्टला पिच: संपादकांना की क्युरेटरला?

नवं गाणं यायचं असलं की ‘प्लेलिस्टला पिच केलंय’, म्हणजे प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून पाठवलंय, असं सगळेच सांगतात. कुणाच्या प्लेलिस्टला, असं विचारलं की मात्र घोळ सुरू होतो. स्पॉटिफायवर प्लेलिस्टच्या नावाजवळ ती कुणी बनवली ते दिसतं. तिथे स्पॉटिफाय असेल तर ती कंपनीची: संपादकांनी निवडलेली, नाहीतर ‘रिलीज रडार’सारखी आपोआप बनणारी. एखाद्या माणसाचं किंवा पेजचं नाव असेल तर ती स्वतंत्र क्युरेटरची, म्हणजे कंपनीबाहेर प्लेलिस्ट बनवणाऱ्याची. दोन्हीकडे जायच्या वाटा वेगळ्या.

संपादकांकडे जायला ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या अ‍ॅपमधला फॉर्म आहे. तो २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. गाणं रिलीज झालं की तो त्या गाण्यासाठी बंद. एका वेळी एकच गाणं पाठवता येतं. त्यात शैली, मूड, वाद्यं निवडायची आणि गाण्याबद्दल ५०० अक्षरांत लिहायचं. ‘मनाला भिडणारं गाणं’ असलं काही लिहून ही जागा घालवू नका. कोण वाजवतंय, गाणं कशातून आलं, व्हिडिओ कधी येतोय, कार्यक्रम कुठे आहेत, हे लिहा. उत्तराची वाट बघू नका, नकार कळवत नाहीत.

मग फॉर्म भरायचा कशाला? तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच केलं की ते गाणं तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे प्रत्येकासाठी आपोआप बनणाऱ्या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये जातं, संपादकांनी निवडो न निवडो. माझ्या मते छोट्या कलाकाराला या फॉर्ममधून खात्रीने मिळणारी गोष्ट एवढीच, आणि ती थोडीथोडकी नाही. फक्त हे ७ दिवस शेवटची मुदत समजा. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे तुमची गाणी अशा अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, गाणं स्पॉटिफायपर्यंत पोचल्याशिवाय ते फॉर्ममध्ये दिसतच नाही, म्हणून तीन-चार आठवडे आधी अपलोड केलेलं बरं.

स्वतंत्र क्युरेटरचं तसं नाही. रिलीजआधी तो गाणं प्लेलिस्टमध्ये टाकूच शकत नाही. फार तर साउंडक्लाउडची प्रायव्हेट लिंक पाठवून त्याच्या कानावर घालता येतं. इथे समोर माणूस असतो, त्यामुळे त्याची प्लेलिस्ट आधी ऐका. लो-फायवाल्याला लावणी पाठवून दोघांचाही वेळ जातो.

पैशांचा गोंधळ इथेच होतो. सबमिटहब किंवा ग्रूव्हर या क्युरेटरकडे गाणं पाठवायच्या वेबसाइटवर पैसे भरता ते क्युरेटरने गाणं ऐकून मत द्यावं म्हणून. ग्रूव्हरवर ७ दिवसांत उत्तर आलं नाही तर क्रेडिट परत मिळतात. प्लेलिस्टमधली जागा विकणं मात्र स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही. ‘एडिटोरियल प्लेलिस्टमध्ये टाकून देतो, एवढे द्या’ असा मेसेज इन्स्टावर आला तर सरळ ब्लॉक करा. ती जागा विकत मिळतच नाही. ‘दहा हजार स्ट्रीम्सची गॅरंटी’ म्हणजे बहुतेक वेळा बॉट, माणसांऐवजी गाणं वाजवत राहणारे प्रोग्राम. २०२४ पासून एखाद्या गाण्यावर उघड उघड बनावट स्ट्रीम्स सापडले तर स्पॉटिफाय लेबल किंवा डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं. तो भुर्दंड शेवटी तुमच्यावर येऊ शकतो, गाणंही उतरवलं जाऊ शकतं.

बॉटची शंका आली तर ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्ये शहरांची यादी उघडा. मराठी गाण्याचे श्रोते अचानक जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा एकाच परदेशी शहरातून आले असतील आणि त्यांतलं कुणी गाणं सेव्हही करत नसेल, तर त्या प्लेलिस्टबद्दल डिस्ट्रिब्युटरला लगेच लेखी कळवा.