भ्रष्टाचारविरोधी आंतरराष्ट्रीय प्रयत्नांतील नागरी सहभाग (बेळगाव सीमाभाग)

लाचलुचपत, सरकारी पैशाची अफरातफर आणि काळा पैसा परदेशी नेणे यांना आळा घालण्यासाठी देशांनी आपसांत करार केले आहेत. त्यांत सरकारबाहेरच्या मंडळींना, म्हणजे स्वयंसेवी संस्था, वृत्तपत्रे, गावपातळीवरची मंडळे आणि एकेकट्या नागरिकांना जे स्थान मिळते, त्याला नागरी सहभाग म्हणतात. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी भाषक पट्ट्यात हा सहभाग मुख्यतः ग्रामपंचायत, तहसीलदार कचेरी आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या पातळीवर चालतो. यांतला मुख्य, संयुक्त राष्ट्रांचा करार व्हिएन्नात सांभाळला जातो, पण त्याची कसोटी इथे लागते.

या विषयातला पायाभूत दस्तऐवज म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार. आमसभेने तो ३१ ऑक्टोबर २००३ रोजी स्वीकारला, त्याच वर्षी ९ डिसेंबरला मेक्सिकोतील मेरिदा शहरात तो सह्यांसाठी खुला झाला आणि १४ डिसेंबर २००५ पासून अमलात आला. ९ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी दिन पाळतात तो यामुळेच. भारताने डिसेंबर २००५ मध्ये सही केली, मात्र करार मंजूर करायला मे २०११ उजाडला.

कराराचे कलम १३ पूर्णपणे समाजाच्या सहभागाविषयी आहे. निर्णयप्रक्रिया खुली ठेवणे, माहिती लोकांच्या हाती पोहोचवणे, भ्रष्टाचाराविषयी छापण्याचे व बोलण्याचे स्वातंत्र्य जपणे, निनावी तक्रारीलाही वाट ठेवणे, अशा अपेक्षा त्यात आहेत. मात्र ‘आपल्या साधनांच्या मर्यादेत’ आणि ‘देशांतर्गत कायद्याच्या मूलतत्त्वांनुसार’ अशी पुस्तीही जोडली आहे. सरकारांना पळवाट हवी असेल तर एवढी पुस्ती पुरते. २००९ मध्ये दोहा येथे परस्पर परीक्षणाची पद्धत ठरली, तेव्हाही हेच झाले. एका देशाचे परीक्षण दुसरे देश करतात, त्याचा सारांश प्रसिद्ध होतो, पण संपूर्ण अहवाल खुला करायचा की नाही आणि नागरी संस्थांना विचारायचे की नाही हे त्या त्या सरकारच्या मर्जीवर सोडले आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी जगभरच्या संस्थांनी २००६ मध्ये एक आघाडी उभी केली. त्याआधी १९९३ पासून बर्लिनची ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या क्षेत्रात आहे. तिचा दरवर्षीचा निर्देशांक वृत्तपत्रांत गाजतो, पण तो लोकांच्या समजुतीवर आधारलेला असतो. निपाणीत उताऱ्यासाठी काय मोजावे लागते, हे त्यातून कळत नाही.

कर्नाटकाचा या इतिहासातला वाटा लहान नाही. राज्याने १९८४ मध्ये लोकायुक्त कायदा केला आणि २००० मध्ये, म्हणजे केंद्राच्या पाच वर्षे आधी, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. बेळगावच्या शेजारच्या धारवाडातील एस. आर. हिरेमठ यांच्या समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने बळ्ळारीतील बेकायदा खाणींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने तिथले खाणकाम थांबवले. त्याच महिन्यात लोकायुक्त संतोष हेगडे यांचा खाण अहवाल आला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले. (खाण कंपन्यांकडील देणग्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.) द्याव्या लागलेल्या लाचेची नोंद नागरिकांनीच करावी असा उपक्रम बेंगळुरूच्या जनाग्रह संस्थेने २०१० मध्ये सुरू केला, आणि पाकिस्तान, केनियासारख्या देशांनी तो उचलला. एरवी अशा कल्पना बाहेरून इथे येतात. ही इथून बाहेर गेली. पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारने वेगळा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग काढून लोकायुक्तांचे दात काढले. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो विभाग रद्द केला.

सीमाभागात प्रश्न भाषेपासून सुरू होतो. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, म्हणजे इथे तिसरा पर्याय कन्नड. त्याच कायद्याचे कलम ४ मात्र सांगते की कार्यालयांनी आपणहून प्रसिद्ध करायची माहिती स्थानिक भाषा लक्षात घेऊन द्यावी. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशपातळीवरचे धोरणही जुने आहे. मराठीतून सरकारी कागदपत्रे मिळावीत ही महाराष्ट्र एकीकरण समितीची मागणी सहसा सीमाप्रश्नाच्या खात्यात टाकली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या कलम १३ च्या नजरेने पाहिले तर ती भ्रष्टाचारविरोधी मागणीही आहे. ज्याला स्वतःच्या पंचायतीचा ठराव वाचता येत नाही, तो तिच्यावर नजर कशी ठेवणार?

अर्जाचे स्वरूपही शिकण्यासारखे आहे. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात, शुल्क १० रुपये. ‘आमच्या रस्त्यात पैसे खाल्ले का?’ असे विचारले तर उत्तर येत नाही, कारण कायदा मत देत नाही, कागद देतो. म्हणून जाणता अर्जदार अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर (काम सुरू करण्याचा लेखी आदेश), एमबी बुकातील (मेजरमेंट बुक) मोजमापाची पाने आणि अंतिम बिल यांच्या प्रती मागतो. एमबीत रस्त्याची जाडी लिहिलेली असते, आणि डांबराचा थर फूटपट्टीने कुणालाही मोजता येतो. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील, त्यानंतर माहिती आयोग. कन्नडमध्ये आलेले उत्तर वाचून घेण्यासाठी मात्र कन्नड शाळेत शिकलेला पुतण्या किंवा कचेरीबाहेरचा टायपिस्ट गाठावा लागतो.

वर्क ऑर्डर या एका कागदाचे मोल एप्रिल २०२२ मध्ये साऱ्या राज्याला कळले. बेळगावजवळच्या हिंडलगा गावातील कामे वर्क ऑर्डरविना केलेल्या एका कंत्राटदाराचा उडुपीत मृत्यू झाला. बिलांसाठी ४० टक्के कमिशन मागितल्याचा त्याचा आरोप होता. त्याने ज्यांचे नाव घेतले होते त्या ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांनी राजीनामा दिला. पोलिसांनी नंतर पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनेने त्याआधीच, २०२१ मध्ये, याच टक्केवारीबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले होते. सरकारी खरेदी व कंत्राटे पारदर्शक ठेवण्याविषयी संयुक्त राष्ट्रांच्या करारात स्वतंत्र कलम ९ आहे.

गावाच्या हाती आणखी दोन साधने आहेत. पंचायतीचे हिशेब दरवर्षी लोकांसमोर तपासण्याची जमाबंदी, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने आणलेले सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची व खर्चाची गावाने स्वतः केलेली तपासणी. या दुसऱ्या साधनाची मुळे राजस्थानात १९९४ पासून झालेल्या जनसुनावण्यांत आहेत. अंकेक्षणाच्या सभेत हजेरीपट वाचून दाखवायचा असतो, आणि ज्याचे नाव वाचले जाते तो समोर बसलेला असतो, ही त्याची खरी ताकद. प्रत्यक्षात सभा अनेकदा वहीवर सह्या घेऊन उरकतात.

तक्रारदाराच्या संरक्षणाची बाजू सर्वांत लंगडी. कराराचे कलम ३३ त्याचा विचार करायला सांगते. संसदेने जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये केलाही, पण तो लागू केलेला नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवल्यास सुटका आहे. ही सात दिवसांची सवलत कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या फारच थोड्यांना माहीत असते.