बुरशीजन्य संसर्ग : प्रतिकार आणि दाह

शरीरात किंवा शरीरावर बुरशी वाढू लागली की तिला ओळखणे, मारणे किंवा निदान आवरून धरणे, आणि हे करताना स्वतःच्या ऊतींची शक्य तितकी कमी नासधूस होऊ देणे, या प्रक्रियेला बुरशीविरोधी प्रतिकार म्हणतात. लाली, सूज, उष्णता आणि ठणका यांतून दिसणारा दाह हा या प्रतिकाराचाच भाग आहे. मात्र रुग्णाला होणाऱ्या त्रासात बुरशीचा वाटा किती आणि दाहाचा किती, हे प्रत्येक आजारात वेगळे असते आणि उपचाराची दिशा त्यावरच ठरते. नागपूर आणि आसपासच्या विदर्भात या विषयाची बहुतेक रूपे पाहायला मिळतात : पावसाळ्यातला नायटा, धानाचे पाते लागून डोळ्यात पडलेले फूल, जुन्या दमेकऱ्याच्या फुप्फुसातली बुरशी आणि २०२१ च्या उन्हाळ्यातला म्युकर, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘काळी बुरशी’.

बुरशीच्या वर्णन झालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. माणसाला आजारी पाडणाऱ्या जेमतेम काहीशे. या फरकाचे एक मोठे कारण साधे आहे : आपले शरीर बुरशीला फार गरम पडते. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगात सडक्या फळांवर जी हिरवी भुकटी दिसते ती पेनिसिलियम डिजिटाटम नावाची बुरशी. संत्री निवडणाऱ्यांच्या नाकातोंडात तिचे बीजाणू जातच असतात, पण ३७ अंशांवर ती वाढू शकत नाही. २००९ मध्ये आर्तुरो कासाडेव्हाल आणि व्हिन्सेंट रॉबर्ट यांनी हजारो बुरशींच्या वाढीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३० ते ४० अंशांच्या दरम्यान तापमान एकेका अंशाने वाढले की आणखी सुमारे ६ टक्के बुरशी बाद होतात असे दिसले. हवामान तापत गेले तर उष्णता सोसणाऱ्या बुरशी वाढतील, ही शंका त्यातूनच पुढे आली. कॅन्डिडा ऑरिस या नव्या रोगकारक बुरशीच्या बाबतीत हा तर्क मांडला गेला आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर नेणाऱ्या शहराने त्याकडे लक्ष ठेवायला हरकत नाही.

उष्णतेतून जी बुरशी तरते तिची गाठ पेशींशी पडते. बुरशीची पेशी माणसाच्या पेशीसारखीच केंद्रक असलेली असते, म्हणून तिला मारणारी आणि माणसाला न बाधणारी औषधे थोडी आहेत. ठळक वेगळेपण तिच्या भिंतीत आहे. या भिंतीत कायटीन, बीटा-ग्लुकान आणि मॅनन ही शर्करेच्या साखळ्यांची द्रव्ये असतात. माणसाच्या पेशीला भिंतच नसते. जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींच्या पृष्ठभागावरचा डेक्टिन-१ हा ग्राही (खूण ओळखणारे प्रथिन) बीटा-ग्लुकान ओळखतो. त्याचे हे काम २००१ मध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवले. डेक्टिन-२ मॅनन ओळखतो. ग्राहीला खूण सापडली की कार्ड-९ या प्रथिनामार्फत निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि दाह पेटवणारी रसायने बाहेर पडू लागतात. ज्या कुटुंबांत कार्ड-९ चे जनुकच सदोष असते तिथे साध्या वाटणाऱ्या बुरशी मेंदूपर्यंत पोचलेल्या आढळल्या आहेत.

जंतुसंसर्ग म्हटले की आपल्याला जीवाणू आणि विषाणूच आठवतात. पण जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातले दोन मोठे टप्पे बुरशीनेच गाठून दिले, हे सहसा सांगितले जात नाही. १८८४ मध्ये एली मेचनिकॉफ यांनी पाणपिसूच्या पारदर्शक शरीरात शिरलेल्या किण्वपेशी (यीस्ट) गिळणाऱ्या पेशी पाहिल्या आणि पेशीभक्षणाच्या सिद्धान्ताला आधार दिला. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत टोल हे जनुक बिघडलेल्या फळमाश्या ॲस्परजिलस बुरशीने मरताना दिसल्या. त्यावरून माणसातल्या तशाच ग्राहींचा शोध लागला आणि २०११ चे नोबेल पारितोषिक हॉफमन यांना विभागून मिळाले.

बुरशीही स्वतःला झाकते. ॲस्परजिलसच्या कोरड्या बीजाणूवर प्रथिनाचा एक पातळ थर असतो. तो असेपर्यंत प्रतिकारपेशी त्याची दखल घेत नाहीत. हे आपल्याही सोयीचेच आहे. माणूस रोज असे शेकडो बीजाणू श्वासावाटे घेतो. प्रत्येकाला पाहून दाह उठला असता तर फुप्फुसे कायम सुजलेली राहिली असती. बीजाणू ओलाव्याने फुगून उगवू लागला की थर फाटतो, खालचे बीटा-ग्लुकान उघडे पडते आणि मगच कारवाई सुरू होते. क्रिप्टोकोकस ही मेंदुज्वर करणारी बुरशी मात्र आयुष्यभर जाड शर्करेच्या कोषात राहते आणि महाभक्षी पेशीने गिळल्यावरही तिच्या पोटात वाढू शकते.

मारण्याचे मुख्य काम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे. त्या ऑक्सिजनपासून जहाल रसायने बनवतात. हे यंत्र जन्मतः नसलेल्या मुलांत ॲस्परजिलसचा संसर्ग जिवावर बेततो. तंतू गिळण्यापलीकडे लांब असला तर न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे करतात. २००४ मध्ये वर्णन झालेल्या या जाळ्यातली कॅलप्रोटेक्टिन नावाची प्रथिने जस्त आणि मँगनीज धरून ठेवतात व बुरशीची उपासमार करतात. मात्र हीच रसायने आणि हीच जाळी शेजारच्या निरोगी पेशींनाही जाळतात.

तोंड, घसा आणि योनिमार्ग इथला कारभार वेगळा आहे. कॅन्डिडा तिथे बहुतेकांच्या अंगावर गुपचूप राहते. गोल किण्वाची लांब तंतूरूपे झाली आणि तिने कॅन्डिडालायसिन हे विष सोडले की पेशी सावध होतात. इथे टी-पेशी या पांढऱ्या पेशींकडून येणारे इंटरल्युकिन-१७ हे निरोप देणारे प्रथिन निर्णायक ठरते. ते कमी पडले की जिभेवर पांढरा थर धरतो. एचआयव्हीने टी-पेशी घटलेल्या रुग्णात बऱ्याचदा पहिली खूण हीच असते.

त्वचेवरची बुरशी नागपुरात सर्वांत जास्त दिसते. जूनच्या मध्यानंतर भिजलेले बूट, न वाळलेले कपडे आणि घामट जांघा यांमुळे नायटा, गजकर्ण आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या वाढतात. ही बुरशी त्वचेच्या मेलेल्या वरच्या थरातले केराटिन खाते; जिवंत थरात ती सहसा उतरत नाही. तिला घालवण्यासाठी खालचे शरीर दाह उठवते, त्वचा वेगाने नवी होते आणि बुरशी खपल्यांबरोबर झडते. चट्ट्याचा मध्य आधी बरा होतो आणि कड तेवढी लाल, खाजरी राहते, म्हणून त्याचे कडे बनते.

दाह किती उठतो हे बुरशी कुठून आली यावरही अवलंबून असते. पिढ्यान्‌पिढ्या माणसावर राहणारी ट्रायकोफायटॉन रुब्रम दाह दाबायला शिकलेली आहे. ती वर्षानुवर्षे नखांत शांतपणे राहते. गोठ्यातल्या वासरापासून मुलाच्या डोक्याला लागलेली बुरशी मात्र पू भरलेला, दुखरा, लिबलिबीत गोळा उठवते. आईवडील घाबरतात, कधी कोणी तो गळू समजून चिराही देतो. प्रत्यक्षात एवढा दाह उठवणारी बुरशी शरीर लवकर हुसकून लावते. तरी औषध वेळेवर द्यावे लागते, कारण दाहाने केसांची मुळे जळाली तर तिथे कायमचे टक्कल राहते.

यात स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध, असलेले मलम घोटाळा करते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक, जीवाणूनाशक आणि तीव्र स्टेरॉइड अशी तिन्ही असतात. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि माणूस खूश होतो. पण थांबलेला असतो तो प्रतिकार. कडे पुसट होऊन पसरत जाते. या फसव्या रूपाला १९६८ पासून वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. भारतात गेल्या दशकात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला न जुमानणारी बुरशी पसरली, आणि तिच्या प्रसाराला अशा मलमांचा हातभार लागला असे बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. दुकानाच्या काउंटरवर तिचा परिणाम बेताचाच दिसतो.

मे २०२१ मध्ये नागपूर हे म्युकरमायकोसिसचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांपैकी एक होते. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि खासगी रुग्णालये यांत विदर्भाबरोबरच मध्य प्रदेशातूनही रुग्ण येत होते; अनेकांचा जबडा, टाळू किंवा डोळा काढावा लागला. अँफोटेरिसिन-बी हे त्यावरचे औषध मिळेनासे झाले, तेव्हा त्याचे उत्पादन वर्ध्यात सुरू करावे लागले. रायझोपस आणि तिच्या भावकीतल्या या बुरशी माती, शेण आणि कुजलेल्या पाल्यात सर्वत्र असतात. निरोगी माणसाच्या नाकात त्या उगवतही नाहीत. कोविडनंतर त्या उगवल्या, कारण तीन अडथळे एकदम पडले. आवाक्याबाहेर गेलेल्या मधुमेहात रक्त आम्लधर्मी झाले की लोह धरून ठेवणारी प्रथिने ते सोडून देतात, आणि या बुरशीला लोहाची विलक्षण भूक असते. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर बुरशीला चिकटण्याजोग्या जागा वाढवते. आणि स्टेरॉइड साखर चढवते, शिवाय महाभक्षी पेशींची बीजाणू रोखण्याची ताकदही काढून घेते. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचा जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचत होता हे खरे. पण ते गरज नसलेल्यांनाही, जास्त मात्रेत आणि जास्त दिवस दिले गेले. लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’ असली तरी काळे दिसते ते मेलेले मांस : तंतू रक्तवाहिनीत शिरतात, तिथे गुठळी होते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. रक्तच पोचत नसल्याने तिथे पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत आणि औषधही नाही. शस्त्रक्रिया अटळ होते ती यामुळे. प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काढे त्या काळात घरोघर उकळत होते. रोजची साखर तपासणे त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरले असते.

डोळ्याच्या बाबतीत उलटे घडते. भंडारा-गोंदियाकडे धानकापणीत पाते बुबुळाला लागते आणि फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस आत शिरते. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. न्यूट्रोफिल कडेकडून आत येतात आणि बुरशी मारताना पडद्यातले कोलॅजनही विरघळवतात. बुरशी मेली तरी पांढरा डाग राहतो आणि नजर जाते. दाह दाबावा असे इथे कोणालाही वाटेल, पण सुरुवातीलाच स्टेरॉइडचे थेंब टाकले तर बुरशी खोल जाते. म्हणून आधी नॅटामायसिन हे बुरशीनाशक.

फुप्फुसात काही दमेकऱ्यांच्या बाबतीत बुरशी ऊतीत शिरतच नाही. श्वासनलिकेच्या कफात राहते आणि शरीर तिच्यावर ॲलर्जीसारखे उसळते. ही स्थिती १९५२ मध्ये प्रथम वर्णिली गेली. रक्तातले आयजीई हे ॲलर्जीचे प्रतिपिंड खूप चढते, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, नलिका रुंदावतात. क्ष-किरणचित्रातले डाग पाहून अशा रुग्णांना आपल्याकडे क्षयाची औषधे सुरू होतात, हे वारंवार घडते. या रुग्णांनी कूलरमधले गेल्या वर्षीचे कुबट गवत बदलूनच तो सुरू करावा. इथे मात्र स्टेरॉइड हाच मुख्य उपचार, कारण आजार दाहाचाच आहे.

एचआयव्ही रुग्णांतही असाच विरोधाभास आहे. न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियात ऑक्सिजन उतरला असेल तर औषधाबरोबर स्टेरॉइड दिल्याने मृत्यू घटतात. क्रिप्टोकोकसच्या मेंदुज्वरात डेक्सामेथासोनने हानी होते, असे २०१६ च्या चाचणीत दिसले. याच मेंदुज्वरात एचआयव्हीची औषधे लगेच सुरू केली तर सावरलेला प्रतिकार मेंदूत अचानक भडकतो, म्हणून ती काही आठवडे लांबवतात.

यासाठी आधी बुरशी दिसावी लागते. खरवडलेली त्वचा, बुबुळाचा अंश किंवा नाकातली खपली पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही स्वस्त तपासणी आहे. ती वैद्यकीय महाविद्यालयांत होते आणि उत्तर बहुधा त्याच दिवशी मिळते. म्युकरचे तंतू रुंद, रिबिनीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे. ॲस्परजिलसचे बारीक, पडद्यांचे आणि तिरक्या कोनात फुटणारे. ॲस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर निष्प्रभ असल्याने हा फरक कल्चरच्या (बुरशी वाढवून पाहण्याच्या) अहवालाची वाट न पाहता त्याच काचेवर पाहून घेतात.