हेरिंग, बेर्नहार्ड

(१० नोव्हेंबर १९१२ – ३ जुलै १९९८). जर्मन कॅथलिक धर्मगुरू आणि विसाव्या शतकातील अग्रगण्य नैतिक ईशज्ञानतज्ज्ञ (ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे नीतीचा विचार करणाऱ्या शास्त्राचे अभ्यासक). जन्म दक्षिण जर्मनीतील ब्योटिंगेन येथे. रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मसंघात त्यांना १९३९ मध्ये गुरुदीक्षा मिळाली. त्यांना मिशनरी व्हायचे होते. वरिष्ठांनी मात्र नैतिक ईशज्ञान शिकवण्याचे काम नेमून दिले. हा विषय आपल्याला अत्यंत रटाळ वाटतो, असे त्यांनी वरिष्ठांना स्पष्ट सांगितले होते.

त्यांची ही नावड समजण्याजोगी आहे. तेव्हाचे पाठ्यग्रंथ मुख्यतः पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी लिहिलेले असत. कोणते पाप मोठे, कोणते किरकोळ, याची त्यांत बारीक मोजदाद असे. बायबलमधील वचने मात्र नियमाला पुरावा म्हणून तेवढी येत.

हेरिंग यांचा विचार घडला तो दुसऱ्या महायुद्धात. परिचारक सैनिक म्हणून ते फ्रान्स, पोलंड व रशियात होते आणि मनाई असतानाही मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) अर्पण करीत. श्रद्धाळू, सज्जन माणसे केवळ हुकूम म्हणून एका गुन्हेगार राजवटीची चाकरी करताना त्यांनी पाहिली. नीतीचा गाभा आज्ञापालन नसून जबाबदारी आहे, ही त्यांची पुढची सारी मांडणी या अनुभवातून आली.

ट्यूबिंगेन येथे डॉक्टरेट (१९४७) मिळवल्यानंतर त्यांनी रोममधील अल्फोन्सियन अकादमीत दीर्घकाळ अध्यापन केले. ‘दास गेझेट्स ख्रिस्टी’ (ख्रिस्ताचा नियम, १९५४) या ग्रंथात ख्रिस्ताची हाक आणि माणसाने तिला दिलेला प्रतिसाद, हा नीतीचा पाया ठरतो. ग्रंथ अनेक भाषांत गेला. कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा घडवणाऱ्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२–६५) ते तज्ज्ञ सल्लागार होते. ‘गाउदियुम एत स्पेस’ या, आधुनिक जगातील चर्चविषयीच्या परिषदेच्या दस्तऐवजाच्या मसुदा समितीचे सचिवपदही त्यांनी सांभाळले. सदसद्विवेकबुद्धीला माणसाचे अंतरतम देवालय म्हणणारा प्रसिद्ध परिच्छेद याच दस्तऐवजात आहे.

कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवणारे पोप सहावे पॉल यांचे परिपत्रक १९६८ मध्ये निघाले, तेव्हा हेरिंग यांनी उघड मतभेद नोंदवला. १९६४ मध्ये याच पोपना त्यांनी चिंतनसप्ताहात प्रवचने दिली होती, हे लक्षात घेतले की त्या मतभेदाचे वजन कळते. सत्तरच्या दशकात त्यांच्या वैद्यकीय नीतीवरील लेखनाची व्हॅटिकनकडून चौकशी झाली. त्याच सुमारास घशाच्या कर्करोगानेही त्यांना गाठले. या चौकशीपेक्षा, युद्धकाळात ज्यापुढे उभे राहावे लागले त्या हिटलरच्या लष्करी न्यायालयापुढे पुन्हा उभे राहणे पत्करेन, असे त्यांनी नंतर म्हटले. तरीही चर्च त्यांनी सोडले नाही. जर्मनीतील गार्स आम इन येथील आपल्या संघाच्या मठात त्यांचे अखेरचे वास्तव्य होते.