नासास्राव-संकलन

नासास्राव-संकलन : नाकातील श्लेष्मा (बोलीत शेंबूड) ठरावीक रीतीने गोळा करून त्यातील दाहाशी संबंधित प्रथिने मोजण्यासाठी नमुना तयार करणे. करोनाकाळात ठाणे-नवी मुंबईत घरोघरी परिचित झालेला स्वॅब विषाणू शोधण्यासाठी होता. तिथे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच. इथे प्रश्न ‘किती’ असा असतो, म्हणून नमुना घेण्याची रीतच आकड्याचा अर्थ ठरवते.

उगमाविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखक रॉबर्ट नॅक्लेरिओ व सहकाऱ्यांच्या १९८३ मधील शोधनिबंधाकडे बोट दाखवतात. त्यांनी ॲलर्जीच्या रुग्णांच्या नाकात परागकणांचा अर्क सोडला व नाक धुऊन निघालेल्या पाण्यात हिस्टामीन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२ ही दाहात सुटणारी रसायने मोजली. पण ही दोन्ही प्रथिने नव्हेत. उलट नासास्रावातील प्रथिने व प्रतिपिंडे यांवरचे काम १९६० च्या दशकातच झालेले दिसते, आणि इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या सर्दी-संशोधन केंद्रात नाक धुतलेले पाणी विषाणूंच्या प्रयोगांसाठी वापरले जाई. तेव्हा धुण्याची कृती जुनी आणि मोजमापाची शिस्त १९८३ ची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्या रीतीत मान सुमारे ३० अंश मागे कलवून प्रत्येक नाकपुडीत ५ मिलि. सलाईन सोडतात, श्वास रोखून, न गिळता १० सेकंद थांबायचे आणि पुढे वाकून पाणी भांड्यात सोडायचे. जलनेतीशी साम्य वरवरचे आहे : नेतीत पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर पडते, इथे गेले त्याच वाटेने परत येते. नमुना द्यायच्या दिवशी सकाळी नेती केलेली असेल, तर ते आधी विचारून घ्यावे.

धुण्यातला खरा पेच पाण्याचा. मूळ श्लेष्मा किती पातळ झाला हे कळत नाही. एकूण प्रथिनांच्या प्रमाणात आकडा मांडावा, तर दाहामुळेच रक्तद्रव झिरपून एकूण प्रथिने वाढलेली असतात. रक्तात व श्लेष्म्यात युरिया जवळपास सारखाच असल्याने युरियाच्या आधारे हिशेब करता येतो. मात्र पाणी जास्त वेळ राहिले तर ऊतींतला युरिया त्यात उतरतो. म्हणून अत्यल्प प्रमाणातील सायटोकाइनांसाठी (पेशींमध्ये दाहाचे निरोप नेणारी प्रथिने) शोषकपट्टीकडे कल वाढलेला दिसतो. पातळ पट्टी नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील खालच्या टर्बिनेटलगत (नाकातील हाडाचा वळणदार उंचवटा) सरकवतात व नाकपुडी बाहेरून बोटाने दाबून धरतात. डोळ्यांत पाणी येते, पट्टी फुगून जड होते. मिनिट-दोन मिनिटांनी ती बर्फावरच्या नळीत जाते. पट्टीचे आधी व नंतर वजन केल्यास किती स्राव आला हे कळते. पुढे अपकेंद्री यंत्रात फिरवून द्रव वेगळा काढतात आणि तो उणे ८० अंश सेल्सिअसला साठवतात. घट्ट श्लेष्मा सुटा करण्यासाठी डायथायोथ्रिटॉल हे रसायन वापरतात खरे, पण ते म्युसिनांप्रमाणेच (श्लेष्म्याला घट्टपणा देणारी प्रथिने) मोजायच्या प्रथिनांतलेही गंधक-बंध तोडू शकते. मग एलिसात (प्रतिपिंडांच्या साह्याने प्रथिन मोजणारी चाचणी) आकडा खोटाच कमी येतो.

ठाणे–बेलापूर पट्ट्यात नमुन्याआधीचा तास महत्त्वाचा. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीची पोती उतरवून थेट आलेल्या हमालाच्या नाकाला धार लागलेली असते. मिरचीतील कॅप्सायसिन नसांना डिवचून पाणचट स्राव आणते व प्रथिने विरळ होतात. त्याला आधी स्वच्छ हवेत बसवून ठेवावे. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट घरांत धुळीतले किडे व बुरशी वाढते, त्यामुळे ऋतूची नोंद हवीच. नाकपुड्या आळीपाळीने चोंदतात (रिचर्ड कायझर, १८९५), म्हणून कोणत्या बाजूचा नमुना तेही लिहावे.

उपयोग मुख्यतः संशोधनात. नाकातील पॉलिपवरील (अस्तराची मऊ वाढ) २००६ च्या एका छोट्या अभ्यासात, नासास्रावातील इंटरल्यूकिन-५ (एक सायटोकाइन) मिलिलिटरला ४० पिकोग्रॅमहून जास्त असलेल्यांना रेस्लिझुमॅब हे इंटरल्यूकिन-५ रोखणारे औषध लागू पडण्याची शक्यता अधिक आढळली.